जाताना आवाज, येताना गप्प

मी संशयी आहे असं घरचे म्हणतात, शेजारी म्हणतात, आणि आता नातवंडंही म्हणायला लागली आहेत. दूध पातळ लागलं की मी गवळ्याकडे बघतो आणि गवळी म्हशीकडे बघतो. हा स्वभाव थोडाफार जन्मजात असेलही, पण तो पुरता पिकला जव्हारला, एका उन्हाळ्यात, मोटरच्या मागच्या दोन चाकांपायी.

जव्हारला तेव्हा राजाचा अंमल होता. तिथल्या बाजारात किराणा-कापडाचं दुकान असलेल्या एका व्यापाऱ्याने मुंबईहून जुनी मोटर आणली, तिची मागची बाजू कापून लाकडी बाकं ठोकली, वर ताडपत्री घातली आणि जव्हार ते मोखाडा अशी सर्व्हिस सुरू केली. मोखाडा संस्थानाबाहेर, साहेबाच्या मुलखात. मध्ये हद्दीवर नाका. सकाळी जव्हारहून निघायचं, घाट उतरत-चढत दुपारच्या आत मोखाड्याला पोचायचं, उन्हं कलली की परत फिरायचं. या मोटरचा ड्रायव्हर मी होतो. मूळचा इगतपुरीचा. तिथे एका कंत्राटदाराकडे मोटर धुता धुता चालवायला शिकलो होतो.

बायको इगतपुरीला माहेरी होती. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि माझ्या नोकरीचा आज इथे उद्या तिथे असा कारभार असल्याने सासऱ्यांनी तिला पाठवायला नकार दिला होता. जव्हारची नोकरी टिकेल असं दिसल्यावर मी बाजारामागे दोन खोल्या बघून ठेवल्या आणि अक्षय्य तृतीया झाली की न्यायला येतो असा निरोप पाठवला. सासरे म्हणाले, नोकरी पक्की झाली असेल तरच या, नाहीतर येण्याची तसदी घेऊ नका. माझे सासरे गोड माणूस होते असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

होळी झाली आणि आवाज सुरू झाला.

आधी सपाटीवर कट्, मग थोड्या वेळाने परत कट्. चढ लागला की कर्रर्र. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी एकदम कटकट. आवाज मागच्या चाकांतून येतोय एवढं मला पहिल्या दिवशी कळलं, त्यापलीकडे काही कळेना. मी मोटर जॅकवर उचलली, चाकं काढली, बेरिंग पुसून त्यांत नवं ग्रीस भरलं. कमानपाट्यांच्या मध्ये तेल सोडलं. ब्रेकचे पट्टे घासून बसवले. मागच्या आसाचा गोळा उघडून आतले दाते एक-एक बोटाने चाचपले. सगळं ठणठणीत. चाकं परत चढवली, सगळे नट आवळले, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच चढावर कर्रर्र.

आवाज ऐकू यायला लागला की गाडीतला प्रत्येक जण मेकॅनिक होतो. मोखाड्याचे एक मास्तर म्हणाले, मागचं वजन जास्त होतंय. कोंबड्या घेऊन बसलेली बाई म्हणाली, चाकाखाली सरडा आला असेल, त्याचा शाप. एक जण खाली वाकून ऐकायला गेला तो टोपी गमावून बसला. नाक्यावरच्या शिपायाला तर वेगळीच शंका आली. आवाज येतो म्हणजे खाली काहीतरी बांधलंय, आणि बांधलंय म्हणजे मोहाची दारू. त्याने सगळ्यांना उतरवून गाडीखाली काठी घालून घालून बघितलं. सापडलं काही नाही, पण त्या दिवसापासून तो माझ्याकडे असा बघायचा की मीच मनात म्हणायचो, खरंच बांधली नाही ना आपण?

याच सुमारास मालकांचा मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. मुंबईला कुठल्याशा शेठकडे मोटर हाकायला शिकून आला होता. केस मधून भांग पाडलेले, तोंडात सदा बडीशेप, बोलणं गोड. मला गोड बोलणाऱ्या माणसाची पहिल्यापासून भीती वाटते. मालक म्हणाले, "तू सकाळी ने, हा संध्याकाळी आणेल. त्याचाही हात बसू दे." हात बसू दे म्हणजे पुढे काय, ते मला न सांगता कळलं. एका मोटरला दोन ड्रायव्हर कोण पोसतो?

तोवर दोन्ही खेपा मीच करायचो, आणि संध्याकाळी घरी परतायच्या घाईत आवाजाकडे माझं लक्षच नसे. आणि मग जे लक्षात आलं त्याने माझी झोप उडाली. सकाळी मी गाडी न्यायचो, तेव्हा ती जव्हारची वेस ओलांडायच्या आत कुरकुरायला लागायची आणि मोखाड्यापर्यंत तिचं तोंड बंद होत नसे. संध्याकाळी तीच गाडी, तोच रस्ता, तेवढेच उतारू, फक्त सुकाणूवर मेव्हणा, आणि आवाज नाही. मी शेजारी बसून कान टवकारून ऐकायचो. घाटात, चढावर, ब्रेक दाबल्यावर, कुठेच काही नाही. अगदी जव्हार जवळ आलं की एखादं बारीक कट्, तेही न आल्यासारखं.

मालक एकदा दोन्ही खेपांना स्वतः बसले. सकाळी त्यांनी कर्रर्र ऐकलं, संध्याकाळी शांतता ऐकली. उतरल्यावर दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाले, "गाडी तीच, रस्ता तोच. मग?"

"चाकांत काहीतरी आहे, मालक. सापडेल."

"नाचता येईना अंगण वाकडं," ते म्हणाले. "अक्षय्य तृतीयेला मी ठरवणार. ज्याच्या हाती गाडी नीट चालते त्याच्याकडे गाडी. मग तो माझा सोयरा असो की परका."

सोयरा असो की परका! असं म्हणणाऱ्या माणसाचं ठरलेलंच असतं. मी खोलीवर गेलो, भाकरी पुढ्यात घेऊन बसलो आणि मनाशी पक्कं केलं की हा मेव्हणा मोखाड्यात गाडीला काहीतरी करतो. सकाळी मी निघण्यापूर्वी काहीतरी सैल करतो आणि मोखाड्यात ते परत आवळतो. दुसरा अर्थच निघत नव्हता.

आता मी पाळतीवर राहिलो. संध्याकाळी गाडी उभी केली की प्रत्येक नटावर चुन्याचं बोट लावायचो, अर्धं नटावर, अर्धं चाकावर. नट फिरवला तर रेघ मोडणार. सकाळी बघावं तर रेघ जशीच्या तशी. मोखाड्यात पोचल्यावर बघावं तरी तशीच. मग वाटलं, तो माझी युक्ती ओळखून परत चुना लावत असेल. त्याच्या पानाच्या डबीतला चुना आणि माझा चुना जुळवून बघितला. चुन्यासारखा चुना, त्यात काय कळणार? एकदा तो नदीवर अंघोळीला गेलेला असताना मी त्याची पिशवी चाचपली. एक फणी, एक आरसा आणि बडीशेप. एवढी कमी सामग्री घेऊन फिरणारा माणूसही मला त्या दिवसांत संशयास्पद वाटला.

बैलगाडीवाल्यांवरही माझी नजर होती. मोटर आल्यापासून त्यांचं मोखाड्याचं भाडं कमी झालेलं. मी कर्रर्र करत जवळून गेलो की ते दात काढायचे. एकदा एक गाडीवान ओरडला, "तुमच्या लोखंडाला बी वंगण लागतं की काय!" मी त्याला शिवी घातली आणि पुढच्या वळणापर्यंत आरशात त्याच्याकडे बघत राहिलो.

मोखाड्यात मोटर एका घरापुढच्या खळ्यात उभी असे. कारण तिथे आंब्याची दाट सावली होती. घर एका शेतकऱ्याचं. भात-नागलीची थोडी जमीन, नवरा-बायको दोघंच. घरात ते आपल्या बोलीत बोलत, माझ्याशी जपून मराठीत. मी गाडी लावून मालकांच्या ओळखीच्या दुकानात जेवायला जायचो आणि तिथल्याच ओट्यावर लवंडायचो. मेव्हणा गाडीतच मागच्या बाकावर झोपायचा. म्हणजे गाडी आणि मेव्हणा दुपारभर एकत्र, मी नाही. हे माझ्या आधी लक्षात आलं नाही याचं मला अजून नवल वाटतं.

एका दुपारी मी जेवायला जातो म्हणून निघालो आणि मागून वळसा घालून शेजारच्या गोठ्यात शिरलो. कुडाच्या फटीतून खळं स्वच्छ दिसत होतं. मेव्हण्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि तो घोरायला लागला. मी म्हटलं, नाटक करतोय. पण घोरणं थांबेना. मग घरातून ती बाई बाहेर आली. डोक्यावर हंडा. इकडे-तिकडे बघितलं, मागच्या चाकाजवळ बसली आणि लोट्याने चाकावर पाणी घालायला लागली. सावकाश, चाकाच्या मधल्या तुंब्यापासून आऱ्यांवर, आऱ्यांवरून कडेपर्यंत. मग जुन्या लुगड्याचा धडपा हंड्यात बुडवून तिने चाकाभोवती गुंडाळला. मग दुसरं चाक. पुढच्या चाकांकडे ढुंकूनही बघितलं नाही.

 उन्हाळ्यात मोखाड्यात पाणी म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. विहिरी आटलेल्या, बायका पहाटे दरीत उतरून झऱ्याच्या खड्ड्यातून वाटीवाटीने हंडा भरतात. पाहुण्याला पाणी देताना घरची बाई आधी हंड्यात डोकावते. त्या गावात कोणी हंडाभर पाणी परक्याच्या मोटरच्या चाकांवर ओततं? उगाच? मी खात्रीने सांगतो, त्या क्षणी मी तिला मेव्हण्याची हस्तक ठरवून मोकळा झालो होतो. पाण्यात काय मिसळलं असेल एवढंच शोधायचं बाकी होतं.

मी तडक बाहेर येऊन विचारलं, "हे काय चाललंय?"

ती दचकली, पण उठली नाही. "चाकाला पानी घालते."

"ते दिसतंय. कशाला? कोणी सांगितलं?"

"कोन सांगल? माझी पोर या मोटारीतून सासरी गेली. माघात. तूच नेलीस नं?"

नेली होती. डोक्यावरून पदर घेतलेली एक मुलगी, वऱ्हाडासोबत, जव्हारच्या पलीकडे कुठेशी. मला तिचा चेहरा आठवत नव्हता, वऱ्हाड्यांनी बाकावर सांडलेला गूळ आठवत होता.

"ज्या चाकांनी पोर नेली ती चाकं तापू द्यायची नाय," ती म्हणाली. "पोर पयल्यांदा माघारी येस्तवर. माझ्या आयनी माझ्यासाठी गाड्याच्या चाकाला घातलं. मी मोटारीच्या घालते. आली की एकदा, निघायच्या आधी एकदा."

"मग पुढच्या चाकांना का नाही?"

"तिकडं मोटार भुकते," ती म्हणाली. पुढच्या बाजूला इंजिन होतं.

मेव्हणा एव्हाना जागा झाला होता. मी त्याच्याकडे वळलो. "तुला हे माहीत होतं?"

"हो. रोज घालते," तो म्हणाला. "मला वाटलं धूळ धुते. आपली गाडी धुतली जाते, मी कशाला नको म्हणू?"

माझा दोघांवरही विश्वास बसला नाही. दोघांची गोष्ट जुळत होती, म्हणून तर जास्तच बसला नाही. दुसऱ्या दिवशी मी एक डाव टाकला. मोखाड्यात पोचल्यावर गाडी खळ्यात न नेता बाजारापलीकडच्या चिंचेखाली उभी केली आणि स्वतः तिच्यापासून हललो नाही. मेव्हण्याला म्हटलं, आज तू जेवून ये. तो निमूटपणे गेला. कोणी चाकाला हात लावला नाही, कोणी पाणी घातलं नाही. उन्हं कलल्यावर मेव्हणा सुकाणूवर बसला, मी शेजारी. पहिला चढ आला आणि मागून कर्रर्र.

खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की मी मांडीवर थाप मारली. मेव्हण्याचा चेहरा पडला. "माझ्याही हाताला आली की हो," तो म्हणाला. पूर्ण रस्ताभर गाडी बोंबलत होती आणि मी एखादं गाणं ऐकत असल्यासारखा मान डोलवत होतो.

जव्हारला उतारू उतरल्यावर मी चाकाजवळ बसलो. आता आऱ्याला हात घातला. त्या काळच्या मोटरींची चाकं लाकडी आऱ्यांचीच असत, वर रबर. मी आरा धरून हलवला. तो हलला. अगदी किंचित, नखाएवढाही नाही, पण हलला, आणि हलताना म्हणाला, कट्. तुंब्यात जिथे तो शिरतो तिथे बारीक फट आणि फटीत बारीक धूळ. दुसरा आरा. तिसरा. उन्हाळ्याने लाकूड आक्रसलं होतं. इंजिनाचा जोर आणि ब्रेकचा ताण दोन्ही मागच्या चाकांवर, म्हणून तिथे आवाज. पुढची चाकंही सुकलीच असणार, पण ती नुसती पुढून पळतात, त्यांना कोण पिळतंय?

आणि पाण्याने लाकूड फुगतं. इगतपुरीला आमच्याच आळीतले गाडीवान वैशाखात गाडीची चाकं काढून डोहात बुडवून ठेवत. मी लहानपणी त्या चाकांवर उभा राहून उड्या मारल्या होत्या. हे सगळं मला ठाऊक होतं. पण मोटर चालवायला लागलो आणि बैलगाडीचं जे जे ते मागासलेलं अशी माझी पक्की समजूत झाली. मोटर लोखंडाची, तेव्हा दोषही लोखंडातच असणार, असं म्हणून मी महिनाभर बेरिंगं पुसत बसलो. आम्ही सगळेच नवे मोटरवाले तसेच होतो. लाकडाकडे बघणं आम्हाला कमीपणाचं वाटे.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याला ती बाई खळ्याच्या तोंडाशी उभीच होती. "काल कुठं लपवलीस मोटार? भरला हंडा घेऊन आख्खा बाजार हिंडले मी." मी तिला म्हटलं, घाल आज पाणी, भरपूर घाल. तिने माझ्याकडे जरा संशयाने बघितलं. कालपर्यंत खेकसणारा माणूस आज आग्रह करतोय, तिला वाटणारच. पण घातलं.

आता मला माझी नोकरी वाचवायची होती आणि वाचवण्याचं साधन हातात होतं. मी दुकानात जाऊन मालकांना म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर चला. आवाज कशाने येतो आणि कशाने जातो, दोन्ही दाखवतो."

त्या संध्याकाळी मी मागच्या चाकांना ओली गोणपाटं गुंडाळली. पहाटे परत भिजवली. मालक पुढे शेजारी बसले, मेव्हणा मागे. गाडी निघाली. वेस ओलांडली, घाट आला, चढ आला. आवाज नाही. मालक एकदा मागे वळून बघायचे, एकदा माझ्या हातांकडे. मोखाडा जवळ आलं आणि ऊन तापलं तसं कट् कट् सुरू झालं. मी म्हटलं, "सुकायला लागली." मोखाड्यात त्या बाईला हात जोडून आजचा दिवस पाणी घालू नको म्हणालो. ती नाराज झाली, आत गेली. परतताना मेव्हण्याच्या हाती गाडी दिली, आणि ती त्याच्या हातीही तशीच रडली. वाटेत गाडी थांबवून मी मालकांना आरा हलवून दाखवला, फट दाखवली. म्हणालो, "पाण्याने लाकूड फुगतं, आमच्या आळीत गाडीवानांच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याने आवाज दबतो, रोग जात नाही. चांगल्या सुताराकडून आरे ठोकून घ्या, पाचरा मारून घ्या. मग पुढची चार वर्षं बघायला नको."

"सुतार?" मालक म्हणाले. "मोटरला?"

बाकी रस्ताभर ते वळून वळून मागच्या चाकाकडे बघत राहिले. मला वाटलं, पटलं. मी मनात खोल्या सारवायला लागलो होतो. चूल कुठे मांडायची तेही ठरवलं.

दुकानात दिवा लागायच्या वेळी त्यांनी मला बोलावलं. मेव्हणा गल्ल्याजवळ उभा होता.

"म्हणजे आवाज पाण्याने थांबतो," मालक म्हणाले.

"हो."

"आणि हे तुला कळलं. कधी?"

"परवा, मालक."

"परवा. होळीपासून आवाज येतोय, आणि कळलं परवा. ऐन अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर."

मी म्हटलं, आधी लक्षातच आलं नाही. ते हसले. "तूच म्हणालास, गाडीवानांच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक असतं. तू त्यांच्याच आळीतला. आणि त्या मोखाड्याच्या बाईला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. तिची मुलगी आपल्या गाडीतून सासरी गेली, म्हणून ती..."

"मुलगी गेली सासरी, म्हणून ती आटलेल्या गावात माझ्या मोटरवर हंडे ओतते. हे मला कोणी दुसऱ्याने सांगितलं असतं, तर तू विश्वास ठेवला असतास?"

 तिने मला स्वतः सांगितलं होतं तेव्हा मी ठेवला नव्हता.

"आवाज काढायचा तेव्हा काढलास, थांबवायचा तेव्हा थांबवलास," ते म्हणाले. "माझ्या मेव्हण्याच्या हातीसुद्धा काढून दाखवलास. एवढं ज्याच्या हातात आहे त्याच्या हातात मी गाडी कशी देऊ?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी काय काय म्हणालो ते आता नीट आठवत नाही. ओरडलो, एवढं नक्की. मग मेव्हणा मध्ये पडला. "दाजी, लाकूड आहे ते. सुकलं की वाजणारच. ह्यांचा काय दोष त्यात?"

"तू गप्प बस. तुला गाडीतलं अजून काय कळतं?" मालक त्याला म्हणाले, आणि गाडी त्याला दिली.

तो माझ्यासाठी मनापासून बोलला, की गाडी आपल्यालाच मिळणार हे ओळखून फुकटचा चांगुलपणा केला, हे मला आजही ठरवता येत नाही. मी त्याला वाईट ठरवायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे.

चार दिवस पगाराचा हिशेब चुकता व्हायची वाट बघितली, खोल्यांच्या मालकिणीला नकार कळवला. सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. इगतपुरीला जायचं तर मोखाड्यावरूनच वाट, आणि मोखाड्याला जायचं तर तीच मोटर. पायी जायचा विचार केला, पण ट्रंक जड होती आणि मला घाईही नव्हती, सासऱ्यांपुढे उभं राहायची घाई कोणाला असते? मी मागच्या बाकावर, चाकाच्या बरोबर वर बसलो. अंगात ड्रायव्हरचा खाकी कोट नव्हता, डोक्याला साधा रुमाल. मेव्हण्याने मागे वळून बघितलं, मी दुसरीकडे बघितलं.

गाडी निघाली. मी कान लावून बसलो होतो. वेस गेली, घाट आला, आणि चाकं अजिबात बोलली नाहीत. ब्रेकवरही नाही. चाकाच्या कडेला गोणपाटाचे ओले धागे चिकटलेले मला वरून दिसत होते.

वाटेत एका पाड्यावरून एक म्हातारा चढला, माझ्या शेजारी टेकला. थोडा वेळ गेल्यावर कौतुकाने म्हणाला, "आता बगा कशी पान्यासारखी चालते. आधीचा डायवर मुद्दाम आवाज काडायचा म्हने."

"कोण म्हणतं?"

"सगला बाजार म्हनतो. ह्याच्या हाती गाडी आली आनि त्याच दिशी आवाज बंद. तुमीच सांगा, दुसरं काय असल?"

मी त्याला लाकडाचं सांगू शकलो असतो. उन्हाचं, फटीतल्या धुळीचं, त्या बाईच्या मुलीचं. तोंड उघडलंही. पण त्याचा हिशेब मी मनात मागून पुढून तपासला आणि मला त्यात चूक सापडेना. माझं मीच ऐकलं असतं तरी मला हेच खरं वाटलं असतं.

"दुसरं काय असणार," मी म्हणालो.